इंद्रायणीच्या डोहातील कर्जखते

आज फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. शके १५७१ मध्ये, म्हणजे इ. स. १६५० च्या मार्च महिन्यात, याच तिथीस श्रीतुकोबाराय वैकुंठास गेले अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. आज मध्याह्नी देहूस नांदुरकीच्या वृक्षापाशी भाविकांची दाटी होईल, नामघोष होईल, पुष्पवृष्टी होईल. महाराजांच्या अभंगवाणीविषयी आणि सदेह वैकुंठगमनाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. आम्ही मात्र वाचकांस आज थोडे मागे, तुकोबांच्या सतराव्या-अठराव्या वर्षाकडे नेऊ इच्छितो. तेव्हा ते संत नव्हते. ते देहूच्या पेठेतील एक तरुण वाणी होते. आईबाप नुकतेच निवर्तले होते, वडील बंधू संसारातून निघून गेले होते आणि दुकानाच्या वह्या त्यांच्या पुढ्यात येऊन पडल्या होत्या.

तुकोबांचे कुळ मोरे, आडनाव आंबिले. जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी. घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबोवा हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. त्यांच्या भक्तीस्तव पांडुरंग देहूस आले आणि त्यांनी मूर्तीची स्थापना केली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. घरात देवाची पूजा होती, शेती होती आणि पेठेची महाजनकीही होती. महाजन म्हणजे बाजाराचा मानकरी. पेठेत येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर त्याची नजर, व्यापाऱ्यांच्या तंट्यात त्याचा शब्द, आणि गावात ज्याला नड पडेल त्याने ज्याचा उंबरा चढावा असे ते घर. तुकोबांचे वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांनी हे सारे नेकीने सांभाळले होते. तीन पुत्र होते. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा.

बोल्होबांचे वय झाले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे थोरल्या मुलास बोलावून कारभार हाती घेण्यास सांगितले. सावजी विरक्त वृत्तीचे. त्यांनी नकार दिला. मग तो भार तुकोबांवर आला. तेव्हा त्यांचे वय तेरा वर्षांचे असल्याचे चरित्रकार सांगतात. आज ज्या वयात आपली मुले शाळेचे दप्तर सांभाळतात त्या वयात हा मुलगा तराजू धरून बसला, आणि चांगला बसला. वडिलांच्या हयातीतच त्याचे दोन विवाह झाले. पहिली पत्नी रखुमाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई हिच्याशी दुसरा विवाह झाला. चार वर्षे सुखाची गेली. दुकान चालत होते, वसूल येत होता, सल्ला विचारायला वडील ओटीवर बसलेले होते.

मग बोल्होबा गेले. पाठोपाठ कनकाई गेली. सावजींची पत्नी वारली आणि सावजींनी तीर्थयात्रेची वाट धरली. ते पुन्हा घरी परतले नाहीत. थोड्या अवधीत घरातील तीन वडीलधारी माणसे नाहीशी झाली आणि उरलेल्या माणसांत अठरा वर्षांचा तुकोबा हाच कर्ता ठरला.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे त्यांना येथे अधिक सांगणे नको. बापाच्या मागे मुलाला घरदार मिळते, मानपान मिळतो. त्याबरोबर वहीही मिळते, आणि वहीला दोन बाजू असतात. एका बाजूस लोकांकडून येणे, दुसऱ्या बाजूस लोकांचे देणे. सावकारीत तर हा गुंता फारच. त्या काळी शेतकरी मृगाच्या तोंडी बियाणे आणि पोटाला धान्य उचलीत. सुगीला ते परत करायचे ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे चार पायल्यांच्या पाच किंवा सहा. रोख रकमेस खत लिहून दिले जाई, त्यावर साक्षी पडत, व्याज चढत राही. हा सारा व्यवहार माणसाच्या शब्दावर आणि ओळखीवर उभा असे. जुना जाणता सावकार गेला की ओळखही त्याच्याबरोबर जाते. कुळे म्हणतात, आम्ही तुमच्या वडिलांजवळ पैसे पोचते केले होते. घेणेकरी म्हणतात, तुमच्या वडिलांकडे पाहून आम्ही दिले होते, आता मुदत देता येत नाही. मुलाला यातले खरे किती आणि खोटे किती हे कळण्यास मार्ग नसतो, आणि ज्याला विचारावे तो तर नुकताच अग्नीच्या स्वाधीन झालेला असतो.

या बाबतीत आपल्या धर्मशास्त्राने मुलास मोकळे सोडलेले नाही. बृहस्पतीने पित्याचे सिद्ध झालेले ऋण पुत्राने स्वतःचे समजून व्याजासह फेडावे असे ठरविले आणि आजोबाचे ऋण नातवाने केवळ मुद्दलापुरते फेडावे अशी मर्यादा घातली. याज्ञवल्क्याने त्यातून काही देणी वगळली. बापाने मद्यासाठी, जुगारासाठी वा विषयभोगासाठी केलेले कर्ज, त्याच्यावरील दंड, आणि पात्रापात्र न पाहता केलेले व्यर्थ दान यांचा भार मुलावर पडत नाही. शिवाय दामदुपटीचा नियम होताच. व्याज वाढून वाढून मुद्दलाएवढे झाले की तेथे थांबावे, त्यापुढे एकदम मागता येऊ नये. या तरतुदी वाचताना आम्हांस नेहमी असे वाटते की स्मृतिकारांनी घेणेकऱ्याइतकीच पोरक्या मुलाचीही काळजी वाहिली होती. परंतु शास्त्र ग्रंथात असते आणि तगादा दाराशी असतो. ऋणकोच्या दारात धरणे धरून बसण्याची चाल आपल्याकडे होती. येत्या-जात्या माणसासमोर घराची अब्रू उघड्यावर पडे, आणि पुष्कळदा रकमेपेक्षा तिची भीती मोठी असे.

तुकोबांचा व्यापार या काळात खचत गेला. त्यांनी जे जे हाती धरले त्यात खोट आली. बैल मेले, माल गेला, भांडवल आटले. नातलग आणि स्नेही जमून त्यांनी एकदा डोलारा सावरलाही, पण तो टिकला नाही. ताहराबादचे महीपतीबुवा (१७१५–१७९०) यांनी ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांत हे सारे विस्ताराने सांगितले आहे. कोकणात मिरची विकावयास गेलेले तुकोबा कोणी मापात किती घेतले हे पाहत नाहीत. कोणी मुलामा दिलेले पितळी कडे सोन्याचे म्हणून गळ्यात मारले तर तेही घेतात. भाविक या कथा कौतुकाने ऐकतात. आम्हांस त्यांत एका भांबावलेल्या तरुणाचे चित्रही दिसते. ज्याचे मन वडिलांच्या मृत्यूने उठले आहे आणि ज्याला अजून दुकानात बसावे लागते आहे, त्याचे ते चित्र.

महीपतींच्याच ग्रंथात जिजाईची एक हकिकत आहे. व्यापार बुडाला, कोणी पैसा उभा करीना, तेव्हा या बाईने स्वतः खत लिहून देऊन दोनशे रुपये कर्जाऊ काढले आणि पतीस माल भरून बालेघाटाकडे पाठविले. यावेळी मात्र तुकोबांना नफा झाला. दोनशेचे अडीचशे झाले. परत येताना वाटेत एक ब्राह्मण भेटला. कर्जापायी त्याची वृत्ती गेली होती, सावकाराने त्याला धरले होते आणि तो दारोदार भीक मागत होता. तुकोबांनी जवळची सारी रक्कम त्याला देऊन त्याचे ऋण फेडले आणि रिकाम्या हाताने ते घरी आले.

कीर्तनात ही कथा रंगते ती दानाच्या अंगाने, आणि ते योग्यच आहे. त्या ब्राह्मणात तुकोबांना स्वतःचेच रूप दिसले असले पाहिजे. पण आम्हांस जिजाईविषयी एक शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या कथेकऱ्यांनी तिला कजाग ठरवून टाकले आहे. खतावर नाव तिचे होते. मुदत भरल्यावर सावकाराचा माणूस येणार होता तो तिच्या दाराशी, आणि घरात भाकरी थापायची होती तीही तिलाच. तिच्या तोंडी जे कठोर शब्द घातले जातात त्यांतला निम्मा आवाज त्या दारातल्या तगाद्याचा आहे, हे ऐकणाऱ्याने विसरू नये.

या साऱ्यावर दुष्काळ आला. शके १५५२ मध्ये, इ. स. १६३० साली, पाऊस पडला नाही. दख्खन आणि गुजरात होरपळून निघाले. शाहजहान बादशहाचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशाहनाम्यात या दुष्काळाचे भयंकर वर्णन करून ठेवले आहे. त्यातच लष्करांची धामधूम चालू होती, आणि याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. देहू तेथून दूर नाही. धान्य नाहीसे झाले, गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली. जी कुळे तुकोबांचे देणे लागत होती त्यांच्यापाशी आता द्यावयास काय उरले होते? तुकोबांचे दिवाळे निघाले. पेठेत पत गेली. थोरली पत्नी रखुमाई अन्न अन्न करीत गेली आणि तिच्या मागोमाग त्यांचा लहान मुलगा संतोबाही गेला. पुढे संतांनी विचारले म्हणून तुकोबांनी एका अभंगात आपली पूर्वकथा सांगितली आहे. त्यात हे सारे त्यांनी अतिशय थोडक्यात, कोणासही दोष न देता सांगितले आहे. आणि दिवाळे निघाले ही देवाने केलेली कृपाच, अशा अर्थाचे उद्गारही त्यांच्या वाणीत आढळतात. पण त्या कृपेची किंमत काय पडली हे त्या घराला ठाऊक होते.

महाजनाच्या मुलाने मग डोंगर जवळ केला. देहूच्या आसमंतात भामचंद्र, भंडारा आणि घोरवडा हे डोंगर आहेत. भामचंद्रावर तुकोबा अन्नपाणी विसरून नामस्मरणात बसले. घरी कोणास पत्ता नव्हता. धाकटे कान्होबा शोधत शोधत तेथे पोचले आणि भावाला खाली घेऊन आले. इंद्रायणीच्या काठी दोघे बसले. तेथे तुकोबांनी घरातील कर्जखते आणावयास सांगितली. बापाच्या वेळची आणि स्वतःच्या वेळची, लोकांकडून येणे असलेली सारी खते. ती सर्व नदीत टाकून द्यावी असा त्यांचा विचार होता.

येथे कान्होबांनी जे केले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. त्यांनी भावाच्या वैराग्यापुढे माना डोलावल्या नाहीत. तुम्ही साधू झालात, मला बायकामुले पोसावयाची आहेत, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. तुकोबांनी ते ऐकून घेतले. खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी कान्होबांस दिली, ते वेगळे राहून आपला प्रपंच पाहू लागले. उरलेली निम्मी, जी केवळ त्यांची स्वतःची होती, ती तुकोबांनी इंद्रायणीत सोडली.

त्या काठावर नेमके काय बुडाले याचा विचार भाविकांनी अवश्य करावा, कारण ही कथा पुष्कळदा अर्धीच सांगितली जाते. तुकोबांनी कर्ज बुडविले असे सैल शब्दांत बोलणारे लोक आम्ही ऐकले आहेत. तुकोबा ज्यांचे देणे लागत होते ती खते तुकोबांच्या घरी असणारच नव्हती. ती घेणेकऱ्यांच्या पेटीत होती. बुडविली ती येणी. दुष्काळातून वाचलेल्या एखाद्या कुणब्याच्या घरावर वडिलोपार्जित रोखा घेऊन जाण्याचा, त्याच्या मुलाला त्याच्या बापाचे कर्ज मागण्याचा जो हक्क तुकोबांस वारसाने मिळाला होता तो त्यांनी सोडला. स्वतःच्या दारातील तगादा ज्याने सोसला होता त्याने दुसऱ्याच्या दारातील तगादा उठविला. आणि ते करताना भावाच्या वाट्याला हात लावला नाही. स्वतःचे सोडणे आणि दुसऱ्याचे उधळणे यांतील अंतर त्या वैराग्याच्या भरातही त्यांना स्पष्ट दिसत होते. हे भान त्यांना पेठेने दिले होते, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

याच पुणे जिल्ह्यात, सुमारे अडीचशे वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि रोखे व वह्या हिसकावून त्यांची होळी केली. तो दंगा गावोगाव पसरला आणि सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. सुप्याची खते कुळांनी जाळली. देहूची खते सावकाराने आपल्या हाताने पाण्यात सोडली, आणि कोणाच्या घरावर दगड पडला नाही.

काळ बदलला तसा कायदाही बदलला. पित्याचे ऋण फेडण्याचे जे पुत्रकर्तव्य स्मृतींनी सांगितले ते इंग्रजी अमदानीपासून न्यायालये मान्य करीत आली होती. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ त्या कर्तव्याच्या आधारे मुलावर, नातवावर किंवा पणतवावर दावा लावता येत नाही. मृताची जी मिळकत वारसाच्या हाती आली तिच्यातून घेणेकऱ्याने आपले घ्यावे, तिच्यापलीकडे वारसाच्या कष्टाच्या कमाईवर त्याचा अधिकार नाही. मात्र वारस स्वतः जामीन किंवा सहकर्जदार असेल तर गोष्ट वेगळी. वसुलीसाठी नेमलेल्या माणसांनी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, धाकदपटशा करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. तेरावा होण्यापूर्वीच कोणी दाराशी येऊन मुलाकडून घाईघाईने सही मागू लागला तर घरातील जाणत्याने त्याच्याकडे आधी कागद मागावा, हिशेब मागावा. असे विचारल्याने दिवंगत पित्याचा अनादर होत नाही. बृहस्पतीनेही ऋण सिद्ध झालेले असावे असेच म्हटले होते.

तुकोबांच्या पुढील चरित्राची वाचकांस ओळख आहे, म्हणून ते आम्ही थोडक्यात आवरतो. खते सोडल्यावर त्यांनी विश्वंभरबोवांचे पडझड झालेले देऊळ स्वतः माती कालवून, भिंती उचलून उभे केले. माघ शुद्ध दशमीस बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला. अभंगवाणी सुरू झाली. पुढे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या रोषामुळे अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या वर आल्या असे संप्रदाय मानतो. एकाच नदीत एकाच हाताने दोनदा कागद पडले. अभंग तरले. कर्जखते मात्र वर आली नाहीत, आणि ती यावीत असे देहूत कोणास वाटलेही नसेल. शिवरायांनी नजराणा पाठविला तोही महाराजांनी परत केला, ही परंपरेतील कथा सर्वश्रुत आहे.

महाराज गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. महादेव, विठ्ठल हे दोन पुत्र लहान होते; तिसरे नारायणबाबा पित्याच्या पश्चात जन्मले. बाप गेल्यानंतरचे घर पुन्हा एकदा तसेच उघडे पडले होते. या वेळी मात्र मुलांच्या वाट्याला कुळांकडे तगादा लावण्याच्या खतांचा गठ्ठा आला नाही. अभंगांच्या वह्या आल्या. पैकी भिजलेली म्हणून ओळखली जाणारी वही देहूच्या मंदिरात आजही जतन केलेली आहे. याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याचा सोहळा सुरू केला, आणि तो आजही दर आषाढीस देहूतून निघतो.

आणि कान्होबा? आपला निम्मा वाटा मागून घेणारे ते धाकटे बंधू पुढे तुकोबांच्या टाळकऱ्यांत उभे राहिले. भाऊ दिसेनासा झाल्यावर त्यांनी जे अभंग रचले ते तुकयाबंधूंचे अभंग म्हणून गाथेच्या अखेरीस छापलेले असतात. त्यांत शोक आहे आणि पांडुरंगाशी उघड भांडणही आहे. इंद्रायणीच्या काठी भावापाशी ज्याने हक्काने खते मागितली, तो आता देवाच्या दारात बसून भावालाच परत मागतो आहे. आज बिजेच्या दुपारी ज्यांच्या घरी गाथा आहे त्यांनी ती शेवटची पाने उघडून पाहावीत.